रंगाआधीचं काम : मोटारींच्या लहान प्रतिकृती आणि आपला जिल्हा

मोटारींच्या लहान प्रतिकृती करणाऱ्याला बुलढाणा जिल्ह्यात पहिली अडचण येते ती रंगाची नसते, गाडीची असते. तामिया, हासेगावा, रेव्हेल, एएमटी यांच्या याद्या चाळल्या तर पोर्शे, फेरारी, मस्टँग, स्कायलाइन हव्या तितक्या मिळतात. पण मोताळ्याहून मलकापूरला खच्चून माणसं भरून जाणारी काळी-पिवळी कमांडर जीप, खामगाव आगाराची लाल एसटी, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या दारात रांग लावणारी मेटाडोर, या गाड्यांचे डबे या मोठ्या कंपन्यांनी काढलेले नाहीत. म्हणून प्लास्टिकचे आणि रेझिनचे भाग घडवणं-रंगवणं या कामाचा आढावा इथे बसून घ्यायचा तर घडवण्याला झुकतं माप द्यावं लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की या कामाला लागणारं बहुतेक कसब जिल्ह्यात आधीपासून आहे. ते डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात आहे, गणपतीच्या कारखान्यात आहे, खामगावच्या चांदीच्या बाजारात आहे, एसटी स्टँडबाहेरच्या रेडियमवाल्याकडे आहे. मॉडेल करणारा या चौघांकडे जात नाही. तो मोबाइलवर परदेशी माणसाचा व्हिडिओ पाहतो आणि त्यात दिसलेली बाटली आपल्याकडे मिळत नाही म्हणून थांबतो.

हे डबे आपल्या गाड्यांचे का नाहीत, याचं कारण साच्यात आहे. अमेरिकेत एएमटी ही कंपनी १९४८ पासून मोटार-विक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या प्रतिकृती करत होती. १९५८ पासून तशाच गाड्या सुट्या भागांच्या डब्यांतून विकल्या जाऊ लागल्या. जपानमध्ये तामियाचा मूळ धंदा लाकडाचा, १९४६ चा. तिचं पहिलं प्लास्टिक मॉडेल १९६० मध्ये आलं आणि ते मोटारीचं नव्हतं, यामातो या युद्धनौकेचं होतं. पुढे मोटारींसाठी अमेरिकन कंपन्यांनी मुख्यतः १/२५ हे प्रमाण धरलं, जपान्यांनी १/२४. दोन्हीकडे पद्धत एकच: पोलादी साच्यात दाबानं पॉलिस्टायरीन भरायचं. असा साचा इतका महाग पडतो की हजारोंनी डबे खपणार असतील तरच परवडतो. कमांडरचे हजारो डबे ओसाका किंवा डेट्रॉइटमध्ये कोण घेणार?

रेझिनचं गणित वेगळं आहे. एक मूळ नमुना हातानं घडवायचा, त्याभोवती सिलिकॉन रबराचा साचा ओतायचा आणि त्या साच्यात दोन भागांचं पॉलियुरेथेन रेझिन ओतून वीस-पंचवीस नग काढायचे. साचा फाटायला लागला की दुसरा करायचा. पुण्याजवळ भोसरी-चाकण पट्ट्यात गाडीचा नवा भाग बाजारात येण्याआधी त्याचे मोजके नमुने याच रीतीनं, फक्त निर्वात यंत्रात, काढतात. म्हणजे तंत्र परकं नाही. ज्या गाडीचे पंचवीसच चाहते आहेत तिच्यासाठी रेझिनच आहे, आणि आपल्या बहुतेक गाड्या याच वर्गात मोडतात.

त्यात आयातीचा भार आहे. सीमाशुल्काच्या वर्गवारीत लहान प्रमाणातली मॉडेलं आणि लहान मुलांची खेळणी एकाच शीर्षाखाली, ९५०३ मध्ये, येतात. त्यांवरचं शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के झालं. देशी खेळण्यांच्या धंद्याला त्याचा उपयोग झाला असेल. पण शेगाव-चिखलीतल्या कॉलेजच्या पोरासाठी तामियाचा डबा आणखी लांब गेला. स्वतः घडवायला शिकायचं हे आणखी एक कारण.

मधला मार्गही आहे: डबा जवळच्या भावंडाचा घ्यायचा आणि त्यातून आपली गाडी काढायची. जिप्सीचंच घ्या. पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहिलेली मारुती जिप्सी म्हणजे सुझुकी जिम्नीची लांब आवृत्ती. हासेगावानं जुन्या जिम्नीचं १/२४ मॉडेल काढलं आहे. त्या जिम्नीच्या दोन चाकांमधलं अंतर २०३० मिलिमीटर, जिप्सीचं २३७५. फरक ३४५ चा. चोवीसनं भागला की १४ मिलिमीटरच्या किंचित वर. म्हणजे चासी आणि धड दारामागे कापायचं, मध्ये १४ मिलिमीटरची पट्टी बसवायची, रुंदी थोडी वाढवायची, मागच्या बाजूचा पत्रा नव्यानं करायचा. हे सगळं पॉलिस्टायरीनच्या शीटमध्ये होतं, कारण डब्यातलं प्लास्टिक आणि शीटचं प्लास्टिक एकच असलं की चिकटवण्याची चिंता मिटते. पॉलिस्टायरीन जोडणारं सिमेंट चिकटवत नसतं. ते दोन्ही कडा विरघळवतं आणि द्रावक उडून गेल्यावर दोन तुकड्यांचा एक तुकडा झालेला असतो. घासला तरी सांधा उघडत नाही.

रेझिनला हा न्याय लागू नाही. ते कडक होताना त्यातले रेणू कायमचे बांधले जातात, नंतर कोणतंही मॉडेलचं सिमेंट त्यांना विरघळवू शकत नाही. तिथे फेव्हीक्विकच्या जातीचा डिंक किंवा इपॉक्सीच हवी. दोन जड भाग असतील तर आत तारेची खुंटी घालावी, नाहीतर हातातून पडलं की सांध्यावरच तुटतं. एसटीची मॉडेलं करणारी पोरं ज्यात काम करतात त्या सनबोर्डाची आणखी वेगळी तऱ्हा. त्यातला फोमच्या गाभ्याचा प्रकार थिनर लागताच खालून पोखरला जातो. वरचा कागद जागेवर आणि आत पोकळी. म्हणून कुठलाही रंग, डिंक, थिनर वापरण्याआधी त्याच पदार्थाच्या टाकाऊ तुकड्यावर लावून एक रात्र ठेवून पाहावं. या छंदातलं निम्मं नुकसान एवढ्यानं टळेल.

नेमप्लेट करणारे ॲक्रिलिक जोडायला क्लोरोफॉर्म वापरतात आणि तो पॉलिस्टायरीनलाही जोडतो, म्हणून काही जण तोच घरी आणतात. मी त्याच्या विरोधात आहे. बंद खोलीत त्याचा वास घेत तासन्‌तास बसणं शरीराला परवडणारं नाही.

आता रेझिनच्या भागावर प्रत्यक्ष काय करावं लागतं ते जवळून पाहू. समजा कमांडरचं बॉनेट साच्यातून काढलं आहे. वरून ते गुळगुळीत दिसतं, पण हाताला किंचित तेलकट लागतं. साच्याला न चिकटावं म्हणून लावलेलं तेल किंवा मेण त्यावर आलेलं असतं. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून जुन्या टूथब्रशनं ते घासायचं, वाळवायचं आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. मग तिरप्या उजेडात धरायचं. टोकाशी, कडांशी सुईच्या अग्राएवढी भोकं दिसतात; ओतताना अडकलेल्या हवेचे ते बुडबुडे. वरून नुसती पुट्टी फिरवली तर ती भोकाच्या तोंडाशी बसते आणि घासताना निघून जाते. म्हणून प्रत्येक भोक बारीक ड्रिलनं उलट थोडं मोठं करायचं, त्यात फेव्हीक्विकचा थेंब सुईनं सोडायचा, वर चिमूटभर खाण्याचा सोडा. क्षणात दगडासारखं कडक. लगेच घासायचं, कारण थांबलं तर हा भराव आजूबाजूच्या रेझिनहून कठीण होतो आणि कागद रेझिनच खातो, भोकाजागी उंचवटा उरतो. बॉनेट वाकलेलं असेल तर ते गरम पाण्यात, हात जेमतेम सोसेल त्याहून थोड्या जास्त गरम, मिनिटभर बुडवून सपाट काचेवर दाबून धरावं. निवेपर्यंत सोडू नये.

कडा आणि खाचा काढायला खामगावचा चांदीचा बाजार हे जिल्ह्याचं भाग्य आहे. सोनारकामाच्या बारीक कानशी, म्हणजे गोल, त्रिकोणी, चपट्या, अर्धगोल, तिथे कारागिरांच्या रोजच्या वापरात आहेत आणि परदेशी मॉडेल-दुकानात चढ्या भावानं विकल्या जातात त्या याच. त्याच कारागिरांकडे तार ओढायची भोकांची पट्टी असते. १/२४ मध्ये छतावरच्या कॅरिअरचा पाव इंची दांडा पाव मिलिमीटरच्या आसपास येतो. प्लास्टिकमध्ये तो टिकत नाही, तारेत टिकतो. चांदीकाम करणारा माणूस डागाची कड कशी धरतो, कानस एकाच दिशेनं कशी चालवतो, मागे आणताना उचलून कशी आणतो, हे अर्धा तास शेजारी बसून पाहिलं तर पुष्कळ शिकता येतं.

घासण्याचं दुसरं विद्यापीठ म्हणजे गॅरेज. पुट्टी मारल्यावर पेंटर डोळ्यांवर विसंबत नाही. पत्र्यावर पाणी मारतो आणि बोटं जुळवून तळहात सपाट फिरवतो; ओल्या हाताला जी लाट लागते ती कोरड्या डोळ्यांना दिसत नाही. मग वॉटर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासतो, नुसत्या बोटानं नाही, कारण बोटाखाली खळगा पडतो. मॉडेलवर हाच नियम, ठोकळा फक्त आइसक्रीमच्या काडीएवढा. पुट्टीसाठी ४००, प्रायमरआधी ६०० ते ८००, प्रायमरवर १०००, शेवटच्या पारदर्शक थरावर १५०० आणि २०००, सगळं पाण्यात. पाण्याचा फायदा दुहेरी आहे. कागद भरत नाही आणि रेझिनची भुकटी हवेत उडत नाही. ही भुकटी फुप्फुसात जाऊ देऊ नये.

गॅरेजची एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलता येत नाही, ती म्हणजे थराची जाडी. खऱ्या गाडीवर सगळे थर मिळून रंग साधारण एक दशांश मिलिमीटर असतो. तेवढाच रंग १/२४ च्या मॉडेलवर बसला तर तो खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटर जाड लेप दिल्यासारखा दिसेल. दार आणि धड यांच्यातली चार मिलिमीटरची फट मॉडेलवर एक षष्ठांश मिलिमीटर येते. जाड रंगाचे दोन हात आणि दार गायब. म्हणून जाणते लोक रंगाआधीच प्रत्येक रेष अणकुचीदार सुईनं थोडी खोल करून घेतात आणि रंग पातळ थरांत देतात. धातूच्या चमकेचे रंगही इथेच फसतात. गाडीसाठीच्या रंगातला चमकीचा कण लहान मॉडेलवर वाळूच्या खड्यासारखा उठून दिसतो. बारीक कणांचा रंग शोधावा, नाहीतर साधा रंग बरा.

पातळ थर द्यायचा तर एअरब्रश. याची कल्पना एकोणिसाव्या शतकातली आहे. अमेरिकेत फ्रान्सिस स्टॅन्लीनं १८७६ मध्ये पेटंट घेतलं. आपल्याकडे तो मोटारींच्या नव्हे, गणपतीच्या कारखान्यांत पाहायला मिळतो. पितांबराची सावली, गालांवरची लाली, सोंडेवरचा उतरता गुलाबी रंग हे सगळं बारीक तोंडाच्या फवाऱ्याचं काम. आखणी करणारा कारागीर डोळ्यांची रेघ ओढताना श्वास धरतो, मनगट टेकवतो आणि कुंचला जागेवर ठेवून मूर्ती फिरवतो. एसटीच्या खिडक्यांची काळी रबरी कड रंगवायची रीतही हीच आहे. गणेशोत्सव उरकला की हे कारागीर थोडे मोकळे होतात. शिकायचं असेल तर तेव्हा जावं, श्रावणात त्यांना पाणी प्यायलाही फुरसत नसते.

रंगाच्या जाती तीन. पहिली पाण्यावरची ॲक्रिलिक. दांडेकरांच्या १९३१ पासूनच्या कॅम्लिनच्या बाटल्या तालुक्याच्या स्टेशनरीतही मिळतात. बैठका, टायर, डॅशबोर्ड यांना हे रंग उत्तम. चकाकत्या धडाला नाहीत. दुसरी इनॅमल, तेलाचा, सावकाश वाळणारा, हातानं मारला तरी कुंचल्याच्या खुणा बऱ्याचशा आपोआप बुजतात, पण धुळीच्या दिवसांत वाळेपर्यंत घरभराची धूळ अंगावर घेतो. तिसरी लॅकर, म्हणजे गॅरेजचा एनसी रंग आणि त्याचं थिनर. झटपट वाळतो, पातळ बसतो, घासून चमकतो. मोटारीच्या धडाला हाच खरा. पण एनसी थिनर पॉलिस्टायरीन खातं. उघड्या प्लास्टिकवर ओला थर पडला की पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं उठतं आणि ते रंगाखाली कायम राहतं. उपाय गॅरेजवाल्यांनाच ठाऊक आहे: आधी प्रायमरचे धुक्यासारखे कोरडे हात, दोन हातांमध्ये पुरेसा वेळ, आणि ओला हात सगळ्यात शेवटी. लॅकरवर इनॅमल चालतं. इनॅमलवर लॅकर मारला तर खालचा थर सुरकुततो.

एअरब्रशमध्ये रंग दुधाइतका पातळ असावा, दाब १५ ते २५ पीएसआय. पुस्तकातला हा नियम सगळीकडे सारखा. पण आपल्या जिल्ह्यात तो पुरत नाही, कारण जिल्ह्याला दोन हवा आहेत. घाटाखाली, मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावच्या बाजूला, मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. नळीतून निघालेला लॅकरचा थेंब पृष्ठभागावर पोचायच्या आत निम्मा वाळतो आणि धडावर खरखरीत दाणा बसतो. पहाटे रंगवावं, थिनर थोडं वाढवावं, सावकाश उडणारं थिनर मिसळावं, ब्रश जवळ आणावा. राजूर घाट चढून बुलढाण्याला आलं की उन्हाळा सुसह्य, पण पावसाळ्यात ढग दारात येतात. थिनर उडताना पृष्ठभाग गार करतं. हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि काळा रंग पांढुरका पडतो. घासून तो जात नाही. कोरड्या दिवशी वरून नुसत्या सावकाश थिनरचा हलका हात दिला तर बऱ्याचदा मूळ रंग परत येतो. पॉलियुरेथेन रेझिनलाही पावसाळा मानवत नाही; त्याच्या एका भागातलं आयसोसायनेट पाण्याशी मिळून कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि ओतलेला भाग आतून पावासारखा फुगतो. तेव्हा ओतकाम आणि रंगकाम दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत, आणि पावसाळ्यात मोजमापं, कापणं, घासणं, अशी वाटणी मला शहाणपणाची वाटते.

आयसोसायनेटचा उल्लेख आला म्हणून थांबतो. गॅरेजमध्ये हार्डनर घालून मारतात त्या टू-के क्लिअरची काचेसारखी चकाकी पाहून तो मॉडेलवरही मारला जातो. त्याच्या फवाऱ्यातलं आयसोसायनेट दम्याला कारण होतं, आणि एकदा शरीर बिथरलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनंही त्रास होतो. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेच्या डबीचा मास्क आणि उघडी हवा नसेल तर टू-के घरात आणूच नये. साध्या लॅकर क्लिअरचे चार पातळ हात, आठवडाभर वाळवण आणि २००० नंबरनंतर रबिंग पॉलिश. चकाकीत उणं पडत नाही. गॅरेजातली पोरं नाकाला रुमाल बांधून दिवसचे दिवस टू-के मारतात, हे पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

थ्रीडी प्रिंटरनं मूळ नमुना घडवण्याचं काम सोपं केलं आहे, पण रंगवणाऱ्यासाठी नवी कटकट आणली. प्रकाशानं घट्ट होणाऱ्या रेझिनचा भाग अल्कोहोलमध्ये नीट धुतला नाही, वरून पुरता पक्का केला नाही, तर महिन्याभरानं आतून चिकट द्रव पाझरतो आणि रंग फुगतो. तारेसारखं पीएलए प्लास्टिक वितळवून थर देणारा प्रिंटर स्वस्त, पण पायऱ्या घासण्यात दिवस जातात. शिवाय पीएलए ६० अंशांना मऊ पडतं आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे तितकी उष्णता सहज होते. साचा करताना आणखी एक सावधगिरी. प्लॅटिनमवर घट्ट होणारं सिलिकॉन गंधक असलेल्या मातीला लागलं तर त्या जागी कधीच घट्ट होत नाही, चिकट राहतं.

अक्षरांचं काम रेडियमवाल्याकडून करून घेण्याचा मोह होतो. त्याचा कटर अचूक असतो, पण त्याच्या रेडियमची जाडी पुन्हा मॉडेलवर पाटीसारखी उठते. त्याच्याकडून अक्षरांचं कापलेलं उलट जाळं घ्यावं, ते धडावर चिकटवून त्यातून पिवळा फवारा मारावा आणि जाळं काढून घ्यावं. एसटी करताना नंबर प्लेटवर जिल्ह्याचा एमएच-२८ घालण्याची चूक सर्रास होते. महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा या तीन मध्यवर्ती कार्यशाळांत बांधलेल्या बसचा नंबर त्या कार्यशाळेच्या ठिकाणचा असतो. म्हणून मेहकर किंवा जळगाव जामोद आगाराच्या गाडीवर एमएच-२० किंवा एमएच-४० दिसतो.

आणि या गाड्या मोजायच्या तर आत्ताच मोजायला हव्यात. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी आणि महामंडळांच्या वाहनांच्या नोंदणीचं नूतनीकरण बंद झालं आहे, आणि जुनी बांधणी भंगारात चालली आहे. काळ्या-पिवळ्या कमांडरही गावोगावी गोठ्याशेजारी गंजत आहेत. मालकाला विचारून टेप घेऊन जावं. दोन चाकांमधलं अंतर, चाकाच्या मध्यापासून बंपरपर्यंत पुढचं आणि मागचं अंतर, जमिनीपासून खिडकीची खालची आणि वरची कड, दाराची रुंदी, छताचा मध्यावरचा फुगवटा ही मापं घ्यावीत. फुगवट्यासाठी छतावर आडवी सरळ पट्टी टेकवून दोन्ही कडांशी पडणारी फट मोजली की पुरतं. फोटो लांबून, झूम करून घ्यावेत. जवळून घेतला की पुढचं चाक मोठं आणि मागचं लहान येतं आणि त्या फोटोवरून काढलेला नकाशा चुकतो. सोबत मापासाठी एक मीटरची पट्टी गाडीला टेकवून ठेवावी, आणि रंगाचा नमुना हवा असेल तर उन्हानं विटलेल्या बाहेरच्या पत्र्यावरून घेऊ नये, दाराच्या आतल्या कडेवरून घ्यावा.